चोवीस सुऱ्या आणि मामंजींचा हात

...नाही, पण मला सांगा, ताटातलं मटण कापायची सुरी दुकानात विकत मिळत नाही का हो? मिळते! खोकं उघडलं की सरळ कापायला घ्यावी! पण आमच्या ह्यांनी काय आणावं? जुन्या बाजारातून किलोवर उचललेल्या चोवीस सुऱ्या. लोणी लावायच्या! कुणाकुणाच्या जेवणावळीत फिरून आलेल्या, देव जाणे! वर मला म्हणतात, "पातं जाड आहे, बघ. धार लावली, दाते पाडले, की स्टेकची सुरी तयार." कोण म्हणतंय? ज्यांनी आयुष्यात टपाल कचेरीच्या शिक्क्याशिवाय दुसरं हत्यार धरलं नाही, ते! पण मी काही बोलले? एक अक्षर नाही.

कारण तुम्हाला सांगते, तेव्हा घरात कुणाला हसू फुटत नव्हतं. आमचे सासरे चाळीस वर्षं शिंपी. कापणं हाच धंदा! आणि अर्धांगाचा झटका आला तो नेमका उजव्या हातावर. रविवारी भाजलेल्या मटणाचा जाड तुकडा ताटात वाढला, तर सुरी आपली नुसती घसरतेय... मी मायेनं म्हटलं, "आणा मामंजी, मी कापून देते," तर ताटच ढकललं! "सूनबाई, मी काय दात न आलेलं पोर आहे?" झालं! तेव्हापासून खोलीत बसून नुसतं सूप. तीन आठवडे! माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललाय आणि मुलगा परसात धार लावायचा ग्राइंडर फिरवतोय! मी काही बोलले? एक अक्षर...

पहिली सुरी तापून निळी पडली. दुसरी हातातून उडाली ती थेट शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत. आरपार! शेजारीण कुंपणावरून ओरडतेय, "अहो, सर्कस काढलीत का?" मग ग्राइंडर बंद. तिकोनी कानस आणली, सुरी टेबलाला आवळली आणि एकेक दाता... कर्र, कर्र, कर्र... इकडे माझे दात आंबले! ह्यांच्या दहा बोटांना आठ पट्ट्या!

रविवारी सगळ्यांच्या ताटांशी तसल्याच सुऱ्या ठेवल्या, मामंजींना वेगळं वाटायला नको. हे खोलीच्या दारात जाऊन एवढंच म्हणाले, "बाबा, एकदा टेबलावर या." आले. काठी टेकत, कपाळाला आठ्या घालून. सुरी उचलली. सगळे त्या पात्याकडे बघतायत! हे तर मिठाच्या डबीवरची अक्षरं वाचत बसले. पातं एकदा पुढे, एकदा मागे... आणि तुकडा सुटला हो! स्वच्छ! चावला, गिळला, दुसरा कापला. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला! ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "कांदा फार झोंबतो." टेबलावर कांदा नव्हता! मी काही बोलले? एक अक्षर नाही.

आणि मामंजी? सुरी डोळ्यांसमोर धरून म्हणतात, "दाते वाकडेतिकडे आहेत. असे टाके घातले असते तर गिऱ्हाइकानं कोट तोंडावर फेकला असता. उद्यापासून मी खुणा करून देतो."

आता बापलेक रोज परसात. एक खडूनं खुणा करतो, दुसरा कानस मारतो. आणलेल्या संपल्या, तसा माझ्या माहेरून आलेल्या लोण्याच्या सुऱ्यांना हात घातला. घरात एक बोथट पातं उरलेलं नाही. पाहुणे आले की मी आधीच सांगून टाकते... आमच्याकडे पावाला लोणी बोटानं लावतात.