मिठागरातली मुलगी

अरे, ते लहानपणीचं पुस्तक मी सांगायचो ना, मिठागरात राहणाऱ्या मुलीचं? नाव काही केल्या आठवायचं नाही. परवा कंपनीच्या बसमध्ये अचानक आठवलं. तसाच उतरलो आणि पेठेतलं आमचं जुनं वाचनालय गाठलं. ग्रंथपाल बाईंना नाव सांगितलं.

"मागच्या महिन्यात रद्दीत गेलं."

"अहो, असं कसं?"

"दहा वर्षांत जी पुस्तकं कोणी नेली नाहीत, ती काढायचं ठरलं होतं. कॉम्प्युटरवर यादी तुम्हीच करून दिलीत की."

दिली होती. फुकट, मोठ्या हौसेनं.

बाईंनी यादी पुढे सरकवली. तिसऱ्या पानावर पुस्तकाचं नाव होतं, आणि शेजारी शेवटचा वाचक म्हणून माझं. खाली 'तपासली' लिहून सही होती. तीही माझीच.