एकुलता एक मधला

—नाही नाही, करून देतो की, मी कुठे नाही म्हणतोय? फक्त 'जरा उजळ' म्हणजे किती उजळ तेवढं सांगा, ताई. या 'जरा'नं माझे केस पांढरे केलेत. मागं एक बाई आल्या, म्हणाल्या जरा उजळ करा. मी जरा केलं. म्हणाल्या, हे काय, आहे तसाच दिसतोय की. मग आणखी जरा, मग आणखी जरा—शेवटी त्यांच्या मुलाचे दात आणि गाल एक झाले, नुसती जीभ तरंगायला लागली फोटोत. बाई खूश. घरी गेल्यावर पोरगं म्हणे भिंतीकडे बोट दाखवून विचारत होतं, हा कोण आलाय? बसा ना, उभ्या कशाला. बाईसाहेबांना इथे गालिच्यावर सोडा, तो रबरी ससा चावू द्या तिला, रोज धुतो मी तो. रोज म्हणजे—धुतलाय.

फोटो मात्र झकास आलाय. बघा पडद्यावर. काय बसलीय—एक भुवई वर, हात मांडीवर, जसा काही मीच तिच्यापुढे फोटो काढून घ्यायला आलोय. आणि रंग—आता रंगाला काय म्हणावं? गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी... भाजीवालासुद्धा वांग्यांच्या एवढ्या तऱ्हा सांगत नाही. हे काम फोनवरही झालं असतं म्हणा, बोट फिरवलं की झालं. पण फोनवरच्या फोटोवर माहेरी कोण विश्वास ठेवणार? काचेच्या फ्रेममधला, दुकानाचा शिक्का असलेला, तो खरा. आणि भिंतीवर लागणार म्हणालात ना—सगळ्या नातवंडांच्या ओळीत? तुमच्या दादाची मुलं, मग बहिणीचा मुलगा, मग शेवटी ही. ओळीत वेगळी दिसायला नको. कळलं. तुम्ही बोलला नाहीत, पण कळलं. तिकडे कुणी पाहिलेलीच नाही हिला? अजून? लग्नालाही आले नव्हते—हं. असू दे. आणि सासरचे काय म्हणतात? 'सुनेवर गेली.' बरोबर. म्हणजे इकडच्यांना ती तिकडची वाटते, आणि तिकडच्यांना ती इकडची वाटू नये म्हणून आपण दोघं भरदुपारी इथे बसलोय. मजा आहे.

अहो, तुम्हाला नाही हसलो. मला माझे भाऊ आठवले. आम्ही तिघं. थोरला गोरापान, धाकटा काळाकुळकुळीत, आणि मी मधला. या गल्लीत कुणालाही विचारा मधल्याचं दुकान कुठे आहे, हाताला धरून इथे आणून सोडतील. आणि मी आईबापांचा एकुलता एक. —हं, आता कशा टेकून बसलात. ऐका मग, तोवर हे छपाईचं मशीन तापू दे, त्याला माझ्यासारखाच वेळ लागतो उठायला.

माझी आई तुमच्यासारखी, बाबा तुमच्या यजमानांसारखे. आईकडचे लोक असे, की उन्हात चुन्याच्या भिंतीला टेकले तर हाका मारून शोधावे लागायचे. बाबांकडचे असे, की दिवे गेले की नुसतं हसू दिसायचं. लग्न झालं तेव्हा इकडच्यांनी दार लावलं, तिकडच्यांनी कडीपण घातली. मग मी झालो. पोर झालं की दारं किलकिली होतात, तुम्हाला ठाऊक आहे—म्हणून तर आलात. मी वर्षाचा झालो तेव्हा आईनं याच दुकानात माझा फोटो काढला. तेव्हा इथे मास्तर होते, म्हातारे स्टुडिओवाले, त्या आतल्या अंधाऱ्या खोलीत काम करायचे, मी आता तिथे झाडू आणि छत्र्या ठेवतो. आई त्यांना म्हणाली, माहेरी पाठवायचाय, जरा उजळ करा. त्यांनी केला. तेव्हाची गंमत बघा—कागदावर उजेड कमी पाडला की माणूस गोरा निघायचा, आणि जास्त पाडला की काळा. खरंच सांगतो. मी सांगेन त्यातलं एवढं एक तरी खरं धरून चाला. ती गेली, आणि संध्याकाळी बाबा आले. तिला न सांगता. म्हणाले, त्याच फोटोची एक प्रत आमच्या घरी पाठवायचीय, जरा गडद काढा. कारण काकांनी आधीच निरोप धाडला होता—पोरगं पिठाच्या डब्यात ठेवता काय रे? मास्तरांनी तेही केलं. एका निगेटिव्हमधून दोन पोरं निघाली आणि दोन दिशांना गेली. त्यातला मी कुठला, ते कुणी विचारलं नाही, आणि मला तेव्हा बोलता येत नव्हतं. नाहीतर गप्प बसतोय होय.

पुढे चांगला चालता-बोलता झालो, तेव्हा आई मला पहिल्यांदा माहेरी घेऊन गेली. दारात मावशी उभी. तिनं मला पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. मग आईच्या मागे पाहिलं, मग पायऱ्या उतरून, वाकून, गाडीच्या सीटखाली पाहिलं, आणि वर येऊन म्हणाली, 'फोटोतला कुठाय?' आता, मी एवढासा, पण जीभ तेव्हापासून हीच. म्हटलं, 'तो माझा दादा. त्याला ताप आलाय.' कुठून तोंडात आलं, देव जाणे. बोललो आणि आईकडे बघितलं, म्हटलं आता एक सणसणीत बसते. आईनं काय केलं सांगू? आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि म्हणाली—'हो ना. त्याच्या बाबांजवळ ठेवलाय.'

झालं. जन्माला आला दादा. ना बारसं, ना पाळणा, थेट तापानंच फणफणत आला. तुम्ही म्हणाल, मावशीला शंका नाही आली, दुसरं पोर झालं कधी हिला? अहो, वर्षानुवर्षं बोलणं नाही, कोण कुणाला काय विचारणार? आणि गोरा तिला हवाच होता. हवं ते समोर आलं की माणूस खोदून विचारत नाही. निघताना तिनं मला मूठभर गोळ्या दिल्या आणि दादासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर राजवाड्याचं चित्र. 'त्याचा त्याला दे हं, वाटेत उघडू नकोस.' वाटेत उघडला. मी आणि आई, दोघांनी मिळून दादाचा पार फडशा पाडला, आणि असे खिदळलो, असे खिदळलो, की परतीच्या बसमध्ये समोरच्या माणसानं जागा बदलली. आई तशी हसायची नाही एरवी. त्या हसण्यासाठी मी आणखी चार भाऊ काढले असते.

पण एकच लागला. कारण थोड्या दिवसांनी बाबांकडे गेलो—काकांची लाकडाची वखार होती, भुश्श्यात उभे राहून त्यांनी माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, 'हा फिका कोणाचा? आपला कुठाय?' आता मी सराईत झालो होतो. म्हटलं, 'तो धाकटा. आजोळी राहिलाय.' बाबा खोकले. नुसते खोकले, पण काय खोकले—अगदी बाळंतपणातून उठल्यासारखे.

मग काय विचारता. आईकडे गेलो की थोरल्याची चौकशी, काकांकडे गेलो की धाकट्याची, आणि मी मधला, बातम्या देणारा. थोरल्याला मी वर्गात पहिला आणला. बासरी शिकवली. नदी पोहून पलीकडे नेला, परत आणला. तिथे चुकलं माझं. मावशी म्हणायला लागली, 'जरा दादाकडे बघून शीक. एका आईची दोन, पण केवढा फरक.' आणि ताई, मी जळायला लागलो. हसताय, पण खरंच. ज्याला मी माझ्या तोंडानं मोठा केला तो माझ्याच उरावर बसला. शेवटी एकदा रागानं मी त्याला गणितात नापास केला. तर मावशी माझ्यावरच डोळे वटारून—'तूच त्याला अभ्यास करू देत नसशील.' धाकट्याचं तसंच. तो एका हातानं ओंडका उचलायचा, दोन हातांनी काय करायचा ते मी सांगितलंच नाही, काकांचा जीव गेला असता आनंदानं. त्यांनी त्याच्यासाठी सायकल घेतली. हिरवी, घंटीवाली. मला म्हणाले, 'त्याची आहे हं, तू नुसती ढकलत ने.' आणि मी ढकलत नेली. वखारीचं फाटक संपलं, रस्ता वळला, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही—तरी ढकलतच नेली घरापर्यंत. बसायचं सुचलंच नाही. म्हटलं, उगाच त्याला राग यायचा.

आणखी एक गंमत. मावशीकडे मी थोरल्यासारखा वागायचो—हळू बोलायचं, वाटीला चमचा लागू द्यायचा नाही. म्हणजे निदान भाऊ तरी शोभावा. काकांकडे धाकट्यासारखा, दाणदाण पाय आपटत, मनगटानं तोंड पुसत. मग आपल्या घरी आलो की दारातच थांबायचो, क्षणभर. आता कसं चालायचं ते आठवायचं नाही हो. आई आतून विचारायची, का रे थांबलास? म्हणायचो, 'काही नाही, कोण आलंय ते बघतोय.'

—अगं अगं, ती वायर नाही खायची, बाळा. घ्या तिला. बघा, तुमच्याकडे आली की कशी भुवई खाली आली.

मोठे झाल्यावर संपलं असं वाटतं ना तुम्हाला? मावशीनं थोरल्याला स्थळ आणलं. मुलगी देखणी, घर उत्तम, मुलीकडच्यांना तोच फोटो दाखवलेला—एक वर्षाचा, झबल्यातला, पण रंगावर पसंत. मारून टाकावा म्हटलं, एकदा ओठावर आलंही होतं, पण जीव होईना. इतकी वर्षं पोसलेला. शेवटी बोटीवर चढवला. धाकट्याला ट्रकवर बसवला, तो मालाबरोबर कुठे कुठे जातो, काकांना अभिमान आहे. थोरला पुढे परदेशातच स्थायिक झाला, तिकडचीच बायको केली. मावशीनं ऐकलं मात्र, पदर डोळ्यांना. 'आमच्यातली नाही रे ती. मुलं कशी दिसत असतील?' म्हटलं, 'मावशी, बहुतेक माझ्यासारखी.'

आई? आहे ना. वरच असते, या छताच्या वर, ऐकू येतं बघा, ती खुर्ची सरकतेय. आता जरा गोंधळते. परवा जेवायला बसलो, मी वाढून घेतलं, तर म्हणाली, 'थोरल्याला ठेवलंस का रे?' मला हसू फुटलं. म्हटलं वा, म्हातारी जुनी गंमत विसरली नाही, अजून खेळतेय माझ्याशी. मान वर करून बघितलं, तर—ती हसत नव्हती. वाट बघत होती उत्तराची. म्हटलं, ठेवलंय. उठून ताट झाकून ठेवलं मी, करतो काय. आणि मग जिभेला हाड नाही ना माझ्या, मी विचारलं—'आणि मधल्याला, आई?' तर म्हणाली, 'त्याचं काय, तो खातो कुठेतरी.'

हसा की. गंमत आहे. मी हसलोच. नंतर ते झाकलेलं ताटही मीच जेवलो, थोरला परदेशात, त्याचं अन्न वाया कशाला घालवा. हे पोट बघताय ना, हे तिघांचं आहे.

चला, झालं मशीन तयार. तुमचं काम राहूनच गेलं माझ्या बडबडीत. हा बघा, हा ठिपका इकडे सरकवला की उजळ. हे एवढं—अजून हीच आहे. हे एवढं—आता तुमच्या बहिणीकडची म्हणून खपेल. आणि हे एवढं... हे ओळीत अगदी बसेल. तुमच्या घरी कुणाला काही बोलायला जागा नाही. थांबवू इथे? मान हलवलीत की नाही हलवलीत, कळलं नाही मला. मी करून देणार, ताई, तशी काळजी करू नका. या दुकानात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलेलं नाही, मास्तरांनीही नाही म्हटलं आणि मीही म्हणत नाही. एक हिचा आहे तसा छापतो, तो तुमच्या खोलीत लावा. आणि हा माहेरी.

फक्त एक राहिलं. फ्रेमच्या मागे नाव घालायची पद्धत आहे आमची. भिंतीवर फोटो वाढत जातात, पुढे कोण कोणाचं कळेनासं होतं, म्हणून. हिच्या फोटोमागे हिचं नाव घातलं, हे बघा, वाळू द्या जरा, बोट लावू नका. आता हा दुसरा. याच्यामागे हिचंच घालून कसं चालेल? एका नावाच्या दोघी एका घरात—हाक मारली की दोघी धावत यायच्या. हिचं दुसरं काहीतरी ठरवायला हवं. विचार करा, घाई नाही. चांगलं ठेवा पण, पुढे सगळे तिलाच विचारणार आहेत.

सांगा. पेन उघडून बसलोय मी.

—ताई?