एका उशीचा स्पीकर

सराफ्यातल्या रेडिओवाल्याकडे माझ्यापुढे एक पन्नाशीचं जोडपं उभं होतं. बाईंनी रेडिओला तारेनं जोडून उशीखाली ठेवायचा छोटा स्पीकर काउंटरवर ठेवला.

"भिया, हा एकदम बंदच पडला."

"ह्यात तेल गेलंय, काकू."

"यांचंच असणार! रोज आवळ्याचं चोपडतात."

"पण वास तर चमेलीचाही येतोय," रेडिओवाला स्पीकर हुंगत म्हणाला.

"आता बोल! चमेली कोण लावतं आपल्या घरात?" काका बायकोकडे वळले.

"तुम्ही बातम्या लागल्या की घोरता. सकाळी 'क्या हुआ' म्हणून मलाच विचारता. मग ऐकायला नको कुणी?"

"म्हणून माझी अर्धी उशी घ्यायची?"

"काकू, दुसरा जोडून देतो. दोघांच्या उशा अलग, झगडा खतम."

"वा! दे जोडून," काका म्हणाले.

"काही नको, भिया," काकू म्हणाल्या. "हाच नीट करा. अन् तार जरा आखूड करा, माझ्या उशीपर्यंत पोचायला नको."