ओढून पाहिलेला टाका

(हाताच्या व्यायामाचा दवाखाना. बाहेरच्या बाकावर शिंपी आणि त्याची बायको. शिंप्याच्या डाव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत आधारपट्टी. बायको शाळेत विज्ञान शिकवते. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.)

बायको: ...हा बघा, ह्यानंही तेच केलं. स्नायुरज्जू हाडाला हाडाशी जोडते म्हणे. अख्खा वर्ग एका सुरात उलटं लिहितोय. मीच उलटं शिकवलं की काय, अशी शंका यायला लागलीय.

शिंपी: मग सुलटं काय?

बायको: स्नायुरज्जू स्नायूला हाडाशी जोडते. हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध. कात्री निसटून तुमच्या बोटातली तुटली ती स्नायुरज्जू. डॉक्टरांनी शिवली तीच.

शिंपी: दोन्ही दोरेच ना शेवटी. दे एक गुण त्याला.

बायको: अर्धा देते. दोरे असले तरी सारखे नसतात. अस्थिबंध थोडा ताणला जातो, म्हणून सांधा वळतो. स्नायुरज्जू फारशी ताणली जात नाही. ती ताणली जायला लागली तर स्नायू तिकडे आखडेल आणि बोट इकडे जागचं हलणार नाही.

शिंपी: म्हणजे एक इलॅस्टिक आणि दुसरी नाडी.

बायको: असं कुणी लिहिलं ना, तर पूर्ण गुण देईन. पुढचं तुम्हीच वाचा हो जरा. डोळ्यांची आग होतेय.

शिंपी: "रक्त ही संयोजी ऊती आहे." हे चुकलं असणार. रक्त पातळ, ते काय जोडणार?

बायको: बरोबर आहे ते. फुप्फुसातला प्राणवायू पायाच्या अंगठ्यापर्यंत कोण नेतं? लांबलांब राहणाऱ्यांची गाठ रक्तच घालून देतं. पुढे.

शिंपी: "चरबी त्वचेखाली असते व त्यामुळे माणूस जाड दिसतो."

बायको: कार्य विचारलंय, तक्रार नाही विचारली. चरबी ऊब धरते, धक्का सोसते, उपासमार झाली तर साठवलेलं पुरवते. विरल ऊतीचं काही लिहिलंय का त्यानं?

शिंपी: "ती त्वचा व स्नायू यांच्या मध्ये असते. अवयवांना जागेवर ठेवते." अस्तरच म्हण की. दिसत कुणाला नाही, पण नसलं तर कोट अंगावर नीट बसत नाही.

बायको: कास्थी?

शिंपी: "नाक, कान." बास, एवढंच.

बायको: सांध्यात हाडांची टोकं एकमेकांवर घासू नयेत म्हणून कास्थी असते, हे फळ्यावर लिहून लिहून खडू संपला माझा. जाऊ दे. द्या इकडे.

शिंपी: ह्यात कुणी असं लिहिलंय का, की स्नायुरज्जू शिवल्यावर परत सुटली तर काय होतं?

बायको: ते अभ्यासक्रमात नाही. का हो?

शिंपी: सहज.

बायको: सहज तुम्ही कधी काही विचारलंय? परवापासून व्यायाम माझ्यासमोर करत नाही तुम्ही. मी स्वयंपाकघरात गेले की म्हणता, झाला करून. मी दमलेली, म्हणून ऐकून घेतलं. हात इकडे करा.

शिंपी: आत बोलावतील आता.

बायको: बोलावू देत. अंगठ्याशेजारचं बोट एवढं ताठ का? बाकीची कशी छान वाकलीत.

शिंपी: परवा पहाटे तू झोपली होतीस. मी पट्टी सोडली.

बायको: का?

शिंपी: वरची कातडी मस्त जुळली होती. टाकेही काढून झालेले. म्हटलं, एकदा ओढून बघू.

बायको: काय ओढून बघू?

शिंपी: शिवण. आजवर एकही कपडा ओढून बघितल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला नाही. वडिलांनी दुकानात बसवलं तेव्हा पहिलं तेच सांगितलं, उसवायचीच असेल तर आपल्या हातात उसवू दे, गिऱ्हाइकाच्या अंगावर नको. तर त्या बोटानं इस्त्रीची मूठ धरली आणि उचलली.

बायको: ती लोखंडी? जी मला दोन्ही हातांनी उचलत नाही?

शिंपी: तीच. आत टच असं काहीतरी झालं. फार दुखलं नाही गं. पण बोट सरळ झालं ते झालंच.

बायको: आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.

शिंपी: जेवताना घास हातात धरून पेंगतेस तू. त्यात हे कुठे सांगू?

बायको: रागवायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं हो. ते उरलेलं नाही, म्हणून गप्प बसलेय. समजूतदार आहे म्हणून नाही, एवढं लक्षात ठेवा.

शिंपी: बोल ना, चार शब्द बोल. बरं वाटेल मला.

बायको: दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते, स्नायुरज्जू, स्नायुरज्जू. घरात एकदाही सांगितलं नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. डॉक्टरांना वाटलं असेल, बायको विज्ञानाची शिक्षिका आहे.

फिजिओ: (दारातून) काका, या आत. काकू, तुम्हीही या. मी बसूनच बघते हं, सकाळपासून पाय टेकलेले नाहीत. पट्टी काढा. हे मधलं पेर मी धरते. तुम्ही फक्त टोक वाकवा.

शिंपी: वाकवतोय.

फिजिओ: वाकवा ना.

शिंपी: वाकवतोयच की.

फिजिओ: काय उचललंत?

बायको: इस्त्री.

फिजिओ: कुणी बादली उचलतं, कुणी नातवाला घेतं. इस्त्री पहिल्यांदाच ऐकली. कपडे नाहीत ना काढलेत शिवायला?

बायको: टाका पक्का आहे का, ते बघत होते.

फिजिओ: काका, तुमच्या भाषेत सांगू? डॉक्टरांनी घातलेला टाका हा तुमचा कच्चा टाका आहे. दोन टोकं शेजारी धरून ठेवण्यापुरता. पक्की शिवण शरीरच घालतं. मधल्या फटीत पेशी तंतू विणतात, आधी कसेही, गुंता झाल्यासारखे, मग हळूहळू ओढ असेल त्या दिशेनं सरळ. आणि स्नायुरज्जूला रक्त फार थोडं मिळतं, त्यामुळे हे सगळं काम रखडत चालतं. कातडीला रक्त भरपूर, ती पटकन मिटते. तुम्ही वरून बघितलंत आणि आतलंही झालं असं धरून चाललात.

शिंपी: कच्च्या टाक्यावर कपडा ओढला मी.

फिजिओ: ओढलात खरा. आता हे सुटलंय असं मला वाटतं. सोनोग्राफी करू, पण माझी खात्री आहे. सुटलेलं टोक तळहाताकडे मागे सरकत जातं आणि वाट आतून चिकटून बंद होते. एक-दोन दिवसांत परत शिवलं तर आशा आहे. नंतर अवघड.

शिंपी: परत शिवलं की परत पट्टी?

फिजिओ: परत पहिल्यापासून. दीड महिना पट्टी, मग व्यायाम. कापड दाबून धरायला तीनेक महिने. आणि तरीही बोट पूर्ण वाकेल असं वचन मी देणार नाही.

शिंपी: आणि नाही शिवलं तर?

फिजिओ: बोट असं राहील. पुढची दोन्ही पेरं वाकणार नाहीत. मी ऑपरेशनवाल्या सरांना फोन लावते, तेवढ्यात दोघं ठरवा. हात टेबलावर ठेवा, लोंबता नको.

शिंपी: राहू दे असंच.

बायको: काय राहू दे?

शिंपी: बोट. सुई उजव्या हातात असते. डावं एक बोट ताठ राहिलं म्हणून काय दुकान बंद पडतं का?

बायको: आणि कापड कोण धरतं? मशीनखाली बाही फिरवताना ह्याच बोटानं कडा दाबता तुम्ही. मी बघितलेलं नाही का?

शिंपी: सवय करीन दुसऱ्या बोटाची.

बायको: जमेल?

शिंपी: नाही जमणार.

बायको: मग कशाला बोलता?

शिंपी: तुझ्याकडे बघून बोलतो. शाळा, घर, मला आंघोळ घालायची, ताटातली भाकरीसुद्धा मोडून द्यायची. त्यात दुकानात जाऊन गिऱ्हाइकांची बोलणी तूच खातेस. आता कुठे संपत आलं होतं आणि मी माझ्या हातानं ते उसवलं. आणखी तीन महिने मी तुझ्याकडे कुठल्या तोंडानं मागू?

बायको: खरं सांगू? ती तीन महिने म्हणाली ना, तेव्हा माझ्याही मनात आलं, राहू दे. एक बोटच तर आहे. आलं मनात. लाज वाटली, पण आलं.

शिंपी: मग झालं तर. दोघांचं एकच मत.

बायको: मत नव्हे ते, थकवा आहे. थकलेल्या माणसानं पेपर तपासायला घेऊ नयेत, तसंच हे. तुम्ही रोज संध्याकाळी दुकानातून घरी येता ते माणूस म्हणून येता. हे बोट गेलं तर घरी कोण येईल, ते मला माहीत आहे. सोफ्यावर बसून भिंतीकडे बघणारा कुणीतरी. त्याचं मला तीन महिने नाही, जन्मभर करावं लागेल.

शिंपी: मी तसा नाही होणार.

बायको: ह्या महिन्यात झालाच होतात थोडे. मी बोलले नाही.

फिजिओ: सर आहेत लाइनवर. उद्या सकाळी ऑपरेशनला घेतील म्हणतायत. काय सांगू?

शिंपी: हिला विचारा.

बायको: बोट तुमचं आहे. तुम्ही सांगा.

शिंपी: करू म्हणतो.

फिजिओ: ठीक. काही खाऊन यायचं नाही, पाणीही नाही. आणि काका, ह्या वेळी पट्टीला हात लागला तर माझ्याकडे येऊ नका. घरी बघायला कोण आहे?

बायको: मीच. दुसरं कुणी असतं, तर केव्हाच त्याच्यावर सोपवून झोपले असते.