मास्तरीणबाईंच्या कानात

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोला… हां, धाकटे, तू होय! मला वाटलं दूधवाला.

हो, हो… माझ्या लेकानं चुगली केली ना तुझ्याकडे? अगं ऐक ना. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. नात न्हाणीघरात गेली अन् कडी अडकली. हाका मारत होती म्हणे… वीस मिनिटं. दाराकडे पाठ होती गं माझी!… लेक घरी आला, तेव्हा निघाली बाहेर.

रडली ना, खूप रडली. मला विचारते, "आजी, तू माझ्यावर रागावलीस का?"

जवळ घेतलं गं तिला… पण म्हणून कानात यंत्र? छे! डॉक्टर सांगून थकले, लेक सांगून थकला. म्हातारपण काय कानाला टांगून मिरवायचं? आमचा बागेतल्या बाकावरचा ठराव आहे, तिघींचा… मी, मास्तरीणबाई अन् शिंपीणबाई. मास्तरीणबाईंनीच मांडलाय. जी यंत्र लावील, ती म्हातारी!

काय?… कोणाच्या कानात?… मास्तरीणबाईंच्या? काहीतरीच! कुणी सांगितलं?… त्यांच्या सुनेनं? कधीपासून?… तीन दिवस?… महिने! तीन महिने!

तरीच अंबाडा मानेवर उतरलाय, कान झाकून. केस विरळ झाले म्हणायच्या… अगं बाई! मी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबद्दल काय काय पुटपुटलेय!

आणि शिंपीणबाई?… तिच्याही?… दोन्ही कानांत?

…

आहे, आहे, फोनवरच आहे. अगं, त्या दोघी एवढ्या ओरडून बोलतात ना बाकावर… मला वाटायचं, त्यांनाच ऐकू येत नाही. माझ्यासाठी ओरडत होत्या होय?

मास्तरीणबाईंचं केवढं आहे म्हणे?… बोटाच्या पेराएवढं? त्याहून लहान मिळतं का, विचार ना तुझ्या ओळखीत… उद्याच. उद्या सकाळीच जाते.

अगं, नातीसाठीच!… म्हणजे, तिच्यासाठीच तर. मी कुणाचं बघून काही करते का? आणि लपवणार नाही हां मी. केस वर बांधून जाणार बाकावर. सांगणार, बायांनो, कसली लाज? काळाबरोबर चालायला शिका जरा!

काय झालं? रडतेयस का?… धाकटे?… हसतेयस होय! ठेव फोन. ठेव म्हणते ना!