बाबानं निवडलेला कॉफीचा फिल्टर

आमच्या बाबासारखा खात्री करून घेनारा मानूस तुमी पाह्यला नसन. मी तवा आदिलाबादजवळ जैनथच्या शाळेत मास्तर होतो. नवे तेलुगू हेडमास्तर घरी आले आन म्हनाले, "मैं चाय नहीं पीता, सिर्फ फिल्टर कॉफी."

बाबाचं तोंड उतरलं. आमी बौद्ध. आमच्या घरचा कप तोंडाले लागू नये म्हनून लोक काय काय बहाणे करत, ते त्यानं जलमभर ऐकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बाबा आदिलाबादले गेला. भांड्याच्या दुकानात एकेक फिल्टर उजेडात धरून भोकं तपासले, पानी ओतून पाह्यलं, आन पितळेचा निवडून आनला. "आता पाहू कसा नाही म्हन्ते!"

रविवारी हेडमास्तर आले. फिल्टर अर्धा घंटा थेंब थेंब गळला. बाबा जवळच बसून होता. हेडमास्तरनं एक घोट घेतला.

"ये तो चाय है!"

फिल्टर निवडाच्या नादात कॉफी आनाचीच राह्यली होती. बाबानं गुपचूप चहापत्ती भरली होती.

मी खाली मान घातली. बाबा मात्र ताठ.

"चायच हाये साहेब. लेकिन फिल्टर की है."

हेडमास्तर पोट धरून हासले, कप रिकामा केला, आन पुन्हा बाबापुढं धरला.