चार मोजेपर्यंत

...मग खुर्च्या मोडणार नाहीत तर काय होईल हो? तुम्हाला सांगतो, देश नवा, झेंडा नवा, राष्ट्रगीत तेवढं ठरायचं होतं, समितीकडे चाली आल्या तीनशे बारा, आणि पहिल्याच दिवशी निवृत्त कर्नलसाहेब कडाडले, "राष्ट्रगीत बसून ऐकतात का कधी? उठा!" झालं! प्रत्येक चालीला नऊ जण उभे, संपली की धप्पकन खाली, दिवसातून पंधरा वेळा... म्हणून मला बोलावलं. मी सुतार. शाळा सातवीत सुटली, चारचौघांत तोंड उघडत नाही, पण वाजायला लागलं की हातात पटाशी घेऊन मीसुद्धा ताठ. उभं राहायचं, दुसरं काय!

वर नियम काय, तर चाल संपायच्या आत समितीतलं कुणी बसलं, की ती बाद!

आता त्या तीनशे बारांत एक आमच्या बाबांची. बाबा अग्निशामक दलाच्या बँडमध्ये तीस वर्षं बिगूल वाजवत होते. रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, "काय रे, आमची वाजली का?" "नाही बाबा." "बरं, हातपाय धू."

एकविसाव्या दिवशी वाजली. अहो, अंगावर काटा! अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले... आणि मधोमध बाबांनी चार मोजेपर्यंत शांतता ठेवलीय. लढाईतून जे परत आले नाहीत, त्यांच्यासाठी. आमचा दादाही त्यांतच. पण गुडघे टेकीला आलेले, कर्नलसाहेबांना वाटलं, संपली! "वा! फार सुंदर!" म्हणत ते धप्पकन बसले, मागोमाग बाकीचे आठ... आणि पुढची ओळ सुरू झाली! सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "नियम तो नियम. बाद."

मला ठाऊक होतं ना हो, संपली नव्हती ते! "थांबा, अजून आहे," एवढंच म्हणायचं होतं... पण चारचौघांत तोंड उघडेल तर ना! मी आपला उभा. उभं राहायचं, दुसरं काय!

निवडली ती चाळीस सेकंदांची. गुडघ्यांना सोसणारी.

घरी सांगितलं, "बाबा, ते मधेच बसले."

"आणि तू?"

"मी उभा होतो."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि बराच वेळ बिगूल पुसत बसले.

आता रोज सकाळी रेडिओवर ते चाळीस सेकंद वाजतात, आम्ही दोघं उभे. संपतं, बातम्या लागतात, मी खुर्चीकडे वळतो, तर बाबा समोर बघत म्हणतात, "थांब. अजून आहे."

...उभं राहायचं, दुसरं काय!